मीठ आणि आपल्या रक्तवाहिन्या

मिठावांचून अन्न बेचव लागतें. ‘चवीपुरतें मीठ’ हा शब्दप्रयोग प्रत्येक स्वयंपाकघरांत नित्य ऐकूं येतो. पण चवीपुरतें म्हणजे किती, याचा विचार क्वचितच कोणी करतो. ज्या घरांत आजोबांना, आईला अगर वडिलांना रक्तदाबाचा विकार आहे, त्या घरांत मात्र हा प्रश्न नुसता जिभेचा नसून जिवाचा आहे. म्हणून मीठ आपल्या रक्तवाहिन्यांवर काय परिणाम करतें, तें थोडक्यांत पाहूं.

हृदयापासून निघालेलें शुद्ध रक्त ज्या नळ्यांतून शरीरभर जातें, त्यांस रोहिणी म्हणतात. त्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो जोर पडतो, तो रक्तदाब होय. निरोगी प्रौढ माणसाचा दाब पाऱ्याच्या सुमारें १२०/८० मिलिमीटर असतो; तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, म्हणजे विकार जडला असें डॉक्टर समजतात.

रोहिणी या बागेंतल्या रबरी नळीप्रमाणें निर्जीव नाहींत. गरजेप्रमाणें त्या रुंद वा अरुंद होतात. त्यांच्या आंतील बाजूस पेशींच्या एकाच थराचें अतिशय पातळ अस्तर असतें. या अस्तराचें महत्त्व अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनीं १९८० सालीं दाखविलें. सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांस त्यांनीं असेटिलकोलीन नांवाचें द्रव्य लावलें. ज्यांचें अस्तर शाबूत होतें ते तुकडे सैल पडले. ज्यांचें खरवडलें गेलें होतें ते सैल पडले नाहींत. अर्थात् सैल होण्याचा हुकूम अस्तराकडूनच सुटत होता. तो हुकूम नेणारा दूत म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायु, असें पुढें सिद्ध झालें, व या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि म्युराड यांस १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मिठाकडे वळूं. मीठ दोन वाटांनीं अपाय करतें. पहिली वाट बहुतेकांस ठाऊक असते: मिठांतील सोडियम फार झालें म्हणजे शरीर पाणी राखून ठेवतें, रक्ताचें आकारमान वाढतें आणि दाब चढतो. दुसरी वाट अधिक गुप्त आहे. अति मिठामुळें अस्तरांत प्राणवायूचे कांहीं उग्र व अस्थिर पदार्थ वाढतात, आणि ते नायट्रिक ऑक्साइडचा नाश करतात. दूतच मारला गेल्यावर हुकूम पोंचणार कसा? रोहिणी पुरेशा रुंदावत नाहींत, हळूहळू ताठ होतात, आणि ज्याचा दाब आधींच चढलेला आहे त्याच्या हृदयावर, मेंदूवर व मूत्रपिंडांवर अधिकच ताण पडतो. सर्वांस हा अपाय सारखाच होत नाहीं. परंतु बहुधा कांहींच दुखत नसल्यामुळें तो वेळीं कळतही नाहीं.

सुदैवानें ही हानि बरीच भरून येते. कोलोरॅडो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दाब कांहींसा चढलेल्या मध्यम व उतार वयाच्या माणसांनीं चार आठवडे मीठ कमी केलें असतां, त्यांच्या रोहिणींची रुंदावण्याची शक्ति सुधारली. चीनमध्यें ६०० खेड्यांतील सुमारें २१,००० लोकांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २०२१ सालीं बाहेर आला. त्यांतील निम्म्या खेड्यांत ज्या मिठाचा चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होता असें मीठ दिलें होतें. तेथें पक्षाघाताचे झटके शेंकडा १४ नीं कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं असें मीठ डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ सांगितलें आहे. हा हिशेब करतांना लोणचें, पापड, खारे मासे, फरसाण व पाव यांतील मीठ विसरूं नये. मीठ एकदम न तोडतां थोडें थोडें कमी करावें; कांहीं आठवड्यांत जिभेला तीच चव रुचूं लागते. लिंबू, कोकम, आलें व कोथिंबीर यांचें साहाय्य घ्यावें. पण मीठ कमी केलें म्हणून डॉक्टरांनीं दिलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

विद्यार्थी मित्रांनो, पानें वाढण्याचें काम घरीं पुष्कळदां तुमच्याकडेच असतें. वडील माणसांच्या पानांत मीठ वाढतांना हात आंवरा, आणि लिंबाची फोड थोडी मोठी वाढा. आपल्या शास्त्राच्या धड्याचा उपयोग याहून जवळचा कोणता असणार?