मृगापूर्वी नव्या परसबागेची आखणी

घराच्या मागील अंगणात किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या गरजेपुरती भाजी, फळे आणि स्वयंपाकात लागणारी झाडे लावली जातात, त्या लागवडीस परसबाग म्हणतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात नवी परसबाग आखण्याचे काम बहुधा मे महिन्यात हाती घेतले जाते, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग नक्षत्र लागते आणि तोपर्यंत खड्डे व वाफे तयार असावे लागतात. परंतु नेमक्या याच महिन्यात जागेची पाहणी करणाऱ्यास हिवाळ्यातील सावली आणि पावसाळ्यातील पाणी या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत, आणि घरगुती आराखडे बहुतांशी तेथेच फसतात.

सावलीचा विचार प्रथम करणे इष्ट ठरते. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडील जागाही दक्षिणेकडील जागेइतकीच उन्हाची भासते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तोच सूर्य दुपारी दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवरच असतो, आणि 3 मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेस जवळजवळ 2.7 मीटर पसरते. दुमजली घर असल्यास ती याच्या दुप्पट होते व सकाळ-संध्याकाळ आणखी लांबते. वांगी, मिरची, टोमॅटो यांना दिवसाकाठी किमान 6 तास ऊन लागते, म्हणून त्यांचे वाफे या पट्ट्याबाहेर ठेवावेत आणि पट्ट्यात अळू, आले, हळद अशी विरळ सावली सोसणारी पिके घ्यावीत. याच कारणाने दोडका, कारली, पडवळ या वेलांचा मांडव, तसेच शेवगा व पपई ही उंच वाढणारी झाडे बागेच्या उत्तर कडेस असावीत, म्हणजे त्यांची हिवाळी सावली भाजीच्या वाफ्यांवर पडत नाही.

दुसरी अदृश्य गोष्ट पाण्याची वाट. कोरड्या जमिनीचा उतार डोळ्यांना फसवतो, म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी पाहण्याची गवंडीकामातील रीत येथे उपयोगी पडते. जमिनीचा निचरा, म्हणजे मुरलेले पाणी खाली उतरून जाण्याची क्षमता, अजमावण्यासाठी 30 सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले, तर तेथे पपई कदापि लावू नये, कारण साचलेल्या पाण्यात तिचा बुंधा फार लवकर कुजतो. भारी काळ्या जमिनीत पावसाळी भाजीसाठी गादीवाफे, म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा 15 ते 20 सेंटीमीटर उंच केलेले वाफे, आवश्यकच मानावेत. त्यांची रुंदी 1 मीटरपेक्षा अधिक नसावी, जेणेकरून वाफ्यात पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो आणि माती दबत नाही.

एका बाबतीत मात्र मे महिना खरे तेच सांगतो, आणि ती म्हणजे पाण्याची उपलब्धता. कडक उन्हाळ्यात भाजीच्या 1 चौरस मीटर वाफ्यास दररोज साधारणपणे 5 ते 6 लिटर पाणी लागते. अर्थात 40 चौरस मीटर वाफ्यांना 200 लिटरांहून अधिक पाणी हवे. घरात एवढे पाणी शिल्लक राहत नसेल, तर बारमाही लागवड तेवढ्याच प्रमाणात लहान आखावी व उरलेली जागा पावसाळी पिकांपुरती वापरावी. न्हाणीघराचे सांडपाणी केळी व कर्दळीकडे वळवता येते, परंतु कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांस ते देऊ नये.

नव्याने बांधलेल्या घराभोवतीची माती हा स्वतंत्र आणि दुर्लक्षित प्रश्न आहे. पाया खणताना निघालेला मुरूम वरच्या सुपीक थरावर पसरलेला असतो, त्यात सिमेंट, चुना व विटांचे तुकडे मिसळलेले असतात, आणि वाहनांच्या वर्दळीने ती जमीन घट्ट झालेली असते. चुन्याचे प्रमाण वाढले की लिंबू किंवा कढीलिंबास मातीतील लोह घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि कितीही खत घातले तरी झाड सुधारत नाही. म्हणून राडारोडा वेचून काढणे, मूळ माती लागेपर्यंत खणणे आणि नंतर माती परीक्षण करून घेणे, हा क्रम बदलू नये. नमुना 15 ते 20 सेंटीमीटर खोलीपर्यंतचा, बागेच्या निरनिराळ्या ठिकाणांहून घेऊन एकत्र केलेला असावा; खताचा ढीग पडलेली जागा त्यात टाळावी.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे, कारण अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळे कुरतडणारी भुंगेऱ्याची पांढरी अळी, बागेत येते. भेंडी, गवार, चवळी यांची पेरणी जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर करावी. वांगी व मिरचीची रोपे त्याआधीच गादीवाफ्यावर टाकलेली असावीत.

फळझाडांबाबत मात्र घाई टाळणे अधिक हिताचे आहे. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत, लिंबासाठी सुमारे 60 सेंटीमीटर व आंब्यासाठी 1 मीटर लांबी, रुंदी आणि खोलीचे, आणि आंब्याचा खड्डा घराच्या भिंतीपासून 5 ते 6 मीटर दूर धरावा. पण रोप लगेच लावू नये. पहिला जोराचा पाऊस पडत असताना पाणी कोठून येते, कोठे थबकते आणि कोठून बाहेर जाते हे पाहून त्या त्या ठिकाणी खुंट्या ठोकाव्यात, कागदावरील आराखडा त्यानुसार दुरुस्त करावा, चुकीच्या जागी आलेला खड्डा बुजवून दुसरा खणावा आणि मगच जुलैमध्ये रोपे जमिनीत लावावीत.