परवाना बदलायचा, पण विचारायचे कोणाला?

संगणकावर चित्रफिती दाखवणारी ‘व्हीएलसी’ ही आज्ञावली तुमच्यापैकी अनेकांनी वापरली असेल. नारिंगी-पांढरा शंकू हे तिचे चिन्ह. ही आज्ञावली कोणा एका कंपनीची नाही. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केले. पुढे अनेक देशांतील स्वयंसेवकांनी त्यात भर घातली.

आता एक प्रश्न पाहू. अशी आज्ञावली कोणाच्या मालकीची? तुमच्या वर्गाचे हस्तलिखित डोळ्यांसमोर आणा. अंक सर्वांचा असतो, पण प्रत्येक लेख त्या त्या लेखकाचा. आज्ञावलीचेही तसेच आहे. ज्याने जो भाग लिहिला, त्या भागाचा लेखनहक्क त्याचा. निराळा करार असेल तर तो दुसऱ्याकडे जातो. मग इतरांनी ती वापरावी कशी? त्यासाठी लेखक एक परवाना जोडतो.

२००१ मध्ये व्हीएलसी ‘जीपीएल’ या परवान्याखाली खुली झाली. या परवान्यानुसार कोणीही आज्ञावली वापरावी, तिची मूळ संहिता वाचावी, बदलावी आणि वाटावी. अट एकच, पण कडक: बदललेली किंवा तिच्यावर उभारलेली आज्ञावली वाटताना तीही मूळ संहितेसह याच परवान्याखाली द्यायची. ‘एलजीपीएल’ हा परवाना थोडा सैल आहे. त्याखालील भाग वेगळ्या परवान्याच्या आज्ञावलीला जोडता येतो. मात्र त्या भागात केलेले बदल खुलेच ठेवावे लागतात.

परवाना ही केवळ कागदावरची बाब नव्हे. आयफोनसाठीची व्हीएलसी जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानातून काढली गेली. त्या दुकानाच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत, अशी हरकत व्हीएलसीच्याच एका लेखकाने घेतली होती. हजारो वापरणारे एकीकडे आणि एक लेखक दुसरीकडे, तरी त्याचा हक्क डावलता आला नाही.

त्याच वर्षी व्हीएलसीच्या मंडळींनी आज्ञावलीचा गाभा, म्हणजे ‘लिबव्हीएलसी’, एलजीपीएलखाली आणायचे ठरवले. इतर आज्ञावलींनाही तो जोडता यावा, हा हेतू. ज्याँ-बाप्तिस्त केम्फ यांनी पुढाकार घेतला. पण बहुमताने ठराव करून हे काम भागत नाही. ज्याच्या ओळी आजही संहितेत आहेत, त्या प्रत्येकाची संमती लागते. कोणाचा पत्ता बदललेला, तर कोणी हे काम केव्हाच सोडलेले! लेखक हयात नसेल, तर हक्क वारसांकडे जातो.

हे किती अवघड आहे ते गणिताने पाहू. समजा लेखक १०० आहेत आणि प्रत्येकजण सापडून ‘हो’ म्हणण्याची शक्यता १०० त ९९ आहे. मग सर्वच्या सर्व ‘हो’ म्हणण्याची शक्यता किती? ०.९९ ला ०.९९ ने गुणत जा. असे १०० अवयव घेतले की उत्तर येते सुमारे ०.३७. म्हणजे निम्म्याहूनही कमी!

मग नकार आल्यास काय करायचे? दोन वाटा उरतात. तो भाग काढून टाकायचा, किंवा जुन्या ओळी न उतरवता त्याच कामासाठी नवी संहिता लिहायची. तेही न जमल्यास त्या भागाचा परवाना जुनाच ठेवायचा.

व्हीएलसीचा गाभा २०११ च्या अखेरीस एलजीपीएलखाली आला आणि २०१२ मध्ये बहुतेक जोडभाग आले. काही भाग व संपूर्ण आज्ञावली मात्र जीपीएलखालीच राहिली. २०१३ मध्ये आयफोनसाठी व्हीएलसी पुन्हा मिळू लागली. तिला जीपीएलच्या जोडीला ‘एमपीएल’ हा दुसरा परवानाही दिला होता.

परवानगी मागत बसण्यात वेळ जातो हे खरे. परंतु विनामोबदला दिलेले कामही देणाऱ्याचेच राहते, या विश्वासावरच लोक पुढचे काम देतात.

करून पाहा: तुमच्या वर्गाचे जुने हस्तलिखित छापायचे आहे असे समजा. लेखक आणि चित्रकार यांची यादी करा. किती जणांचा पत्ता आज लागतो? न सापडलेल्यांच्या पानांचे काय कराल?