सरकारी भिंत आणि नाताळाची चांदणी

(मंडळ्यांच्या अभ्यासासाठीं पाठ. शास्त्रभाग : दानीएल 3:1-18, मत्तय 22:15-22)

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यांतील खेडोपाडीं तरुण मंडळी कामट्या व रंगीत कागद घेऊन चांदणी बांधावयास बसतात. ती आपल्या घरावर व उपासनामंदिरावर लावावी ह्याविषयीं वाद नाहीं. परंतु कित्येक बंधूंच्या मनांत असें येतें कीं, गांवच्या शाळेंत व ग्रामपंचायतीच्या कचेरींत इतरांच्या देवांच्या तसबिरी असतात. तर मग आमची चांदणी तेथें कां नको? हा प्रश्न रागानें टाकून देण्याजोगा नाहीं.

दानीएलाचा तिसरा अध्याय वाचतांना आम्ही बहुधा भट्टीकडेच पाहतों. तिच्या आधींचें वर्णन पाहा. नबुखद्नेस्सर राजानें दूराच्या मैदानांत साठ हात उंचीचा सुवर्णपुतळा उभारला, आणि त्याच्या प्रतिष्ठेस बोलाविलें कोणाला? प्रांताधिकारी, न्यायाधीश, खजिनदार ह्यांना. पुजाऱ्यांचें तेथें नांवही नाहीं. तो देवस्थानचा उत्सव नसून दरबारचा हुकूम होता. आणि उपासना दरबारी झाली म्हणजे न नमणारा मनुष्य राजद्रोही ठरतो. शद्रख, मेशख व अबेदनगो ह्यांनीं राजाची चाकरी सोडली नाहीं, नमन मात्र नाकारलें. प्रभूनेंही कैसराचा हक्क त्याच्या नाण्यापुरताच ठेविला.

हें बाबेलापुरतें नव्हे. आमचा जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. त्या राज्यांत नवें मंदिर वा हवनकुंड बांधावयास सरकारची परवानगी लागे. ह्या व अशाच निर्बंधांविरुद्ध आर्यसमाजानें 1938 च्या ऑक्टोबरांत सत्याग्रह आरंभिला, तो 1939 च्या ऑगस्टांत थांबला. हजारों लोक तुरुंगांत गेले. आर्यसमाजी व मिशनरी ह्यांचा शुद्धीवरून तंटा होता हें खरें. तरी ह्या बाबतींत त्यांचें गाऱ्हाणें न्याय्य होतें, असें आम्ही मानतों.

आज 1950 सालच्या राज्यघटनेचें 25 वें कलम प्रत्येकास आपला धर्म पाळण्याची व त्याचा प्रसार करण्याची मोकळीक देतें. 27 व्या कलमाप्रमाणें, ज्याचें उत्पन्न एखाद्या धर्माच्या वाढीसाठीं खर्चावयाचें आहे असा कर कोणावर लादतां येत नाहीं. 28 वें कलम सांगतें कीं, सर्वस्वीं सरकारी पैशानें चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेंत कोणास संमतीवांचून उपासनेस बसवावयाचें नाहीं. हें शेवटचें बंधन आमच्या मिशन शाळांवरही आहे, हें आमच्यांतील पुष्कळांस रुचत नाहीं! 2013 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें, प्रार्थनेच्या वेळीं हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूनें निकाल दिला. तसबिरींचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं. शाळा व कचेऱ्यांतून धार्मिक चित्रें काढावीं असें परिपत्रक महाराष्ट्र सरकारनें 2017 च्या जानेवारींत काढलें, आणि ओरड होतांच मागें घेतलें.

सरकारी जागा मिळविल्यानें काय हातीं लागतें, हें अमेरिकेंत पाहावें. पॉटकेट येथील नगरपालिकेचा गव्हाणीचा देखावा तेथील सर्वोच्च न्यायालयानें 1984 सालीं राहूं दिला, पण कां? शेजारीं सांताक्लॉज, त्याचें घर व गाडी ओढणारीं हरणें होतीं, म्हणून तो सणाच्या शोभेंत जमा झाला! पिट्सबर्ग येथें कोर्टाच्या जिन्यावर गव्हाण एकटीच होती. ती 1989 सालीं घटनेविरुद्ध ठरली. प्रभूचा जन्म हरणांच्या ओळींत बसवून मिळणारी जागा आम्हांस नको.

यास्तव ग्रामपंचायतीकडे चांदणीसाठीं जागा किंवा पैसा मागूं नये. वर्गणी मंडळीनेंच करावी, मांडव रस्त्यावर घालणें असल्यास रीतसर परवाना घ्यावा, व वाहनांस वाट ठेवावी. शाळेच्या संमेलनांत आमच्या मुलांना नाताळाचें गीत म्हणावयास बोलाविलें तर आनंदानें पाठवावें. परंतु मुलास आरतीस उभें राहण्याची सक्ती होत असेल, तर बापानें व पाळकानें मिळून मुख्याध्यापकांस घरीं जाऊन भेटावें, 28 वें कलम नम्रपणें दाखवावें, आणि मुलास तेवढा वेळ वर्गांत बसूं देण्याची लेखी विनंती देऊन यावें. पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.