पौषापर्यंत थांब

लातूर,
कार्तिक वद्य चतुर्थी

चि. बाळास,


काल वहिनींचा फोन आला. ताईच्या लग्नाला बारा दिवस उरलेत आणि तू काळ्या मॅट रंगाचे तीन स्प्रे डबे आणून अण्णांच्या फियाटचा डॅशबोर्ड रंगवायला निघालास, असं कळलं. लेकरा, ते डबे आधी कपाटात ठेव. लग्नात गाडी आहे तशीच उभी कर. उडालेला रंग पाहायला वऱ्हाडातल्या कुणाला फुरसत नसते, पण घाईत मारलेला रंग पुढं कित्येक वर्षं तुलाच पाहावा लागेल.

हे मी भोगलंय. 1988 च्या श्रावणात मी माझ्या ॲम्बॅसडरचा डॅशबोर्ड असाच रंगवला होता. मीटर आणि स्विचेस जागेवरच ठेवले, कडेनं टेप लावला आणि एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग मारला. थिनर भराभर उडतो, त्यानं रंगाचा थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. सगळ्या रंगावर पांढुरकी झाक आली. टेप ओढला तसे काठ उचकटले आणि वर्षभरात मीटरभोवतीचा रंग पापुद्र्यासारखा निघाला. उन्हाळ्यातही हे काम नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. रंगाचा फवारा पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि खरखरीत बसतो. म्हणून पौषापर्यंत थांब. हवा कोरडी असते, ऊन सौम्य असतं आणि मुहूर्त नसल्यानं पेंटरलाही सवड असते.

तोवर मार्गशीर्षात उघडण्याचं काम कर. खरी मेहनत तिथंच आहे. पहिल्यांदा बॅटरीच्या तारा काढ. मग मीटरमागच्या तारांचे फोटो घे आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी चिकटव. आठवणीवर एकही तार सोडू नकोस. मीटर, स्विचेस, चकाकत्या पट्ट्या, ग्लव्ह बॉक्सचं झाकण, सगळं उतरव. पुढच्या सीटाही बाहेर काढ. मागं नुसता पत्रा उरला पाहिजे. मात्र कुठलंही बटण जोर लावून ओढू नकोस. पन्नास वर्षांचं प्लॅस्टिक पापडासारखं मोडतं. आपली गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. तो काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. फियाटचंच पुढचं नाव असलेली तिथली पद्मिनी बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. बटण मोडलं तर ते आता कुणाच्या तरी भंगारातच शोधावं लागेल.

घासायच्या आधी पत्रा नीट पूस. इतकी वर्षं आपण डॅशबोर्डला चमक आणणारं पॉलिश लावत आलो. त्यातलं सिलिकॉन राहिलं तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी साबणपाणी, मग ग्रीस काढायचं द्रावण, आणि दर वेळी नवं फडकं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नकोस. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घास, तोंडाला चांगला मास्क लाव आणि घरातली लेकरं जवळ येऊ देऊ नकोस. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हा गॅरेजात वॉटर पेपर भिजवायलाही मन धजत नव्हतं. बादलीभर पाणी पुरवून वापर. पत्रा उघडा पडला तर तो लगेच पुसून कोरडा कर आणि त्याच दिवशी प्रायमर मार, नाहीतर रातोरात गंज चढतो. खड्डा असेल तिथं लांबी भर, पण पातळ थरांनी.

अण्णांनी मधे एकदा गाडी रंगवून घेतली होती. तो रंग कोणता हे कोपऱ्यात थिनरचं फडकं घासून बघ. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो एनसी. त्यावर थेट हार्डनरचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, रंग मारलास तर खालचा थर सुरकुत्या पडून वर येईल. आणि पीयू मारायचाच असला तर तो घरी नको. हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा जडतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. ते काम बूथ असलेल्या पेंटरला दे. घरी एनसी मारणार असशील तर सकाळी अंगणात आधी सडा मार, धूळ बसू दे, मग हात लाव.

रंगाबद्दल मात्र मी हट्टानं सांगतो, काळा नको. ग्लव्ह बॉक्सच्या बिजागरीमागं पहिला फिकट निळा अजून न विटता शिल्लक असेल. ते झाकण घेऊन रंगवाल्याकडे जा आणि उन्हात मिळवून घे, दुकानातल्या दिव्याखाली नको. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्रानं 2021 साली विंटेज नोंदणीचे नियम केलेत आणि त्यात गाडीचं मूळ रूप बघतात. तुला उद्या ती नोंदणी करावीशी वाटली तर पहिला निळा असलेला बरा. काळ्याचं तुझं एक कारण मला पटतं, काचेवरची तिरीप. दुपारी नांदेडहून निघून लोहा, अहमदपूर, चाकूर करत इकडे यायला लागलं की सूर्य समोर येतो आणि चकाकता डॅशबोर्ड काचेत उमटतो. म्हणून काचेखालची वरची पट्टी त्याच निळ्यात मॅट करून घे, बाकी चमक राहू दे.

आणि मधोमध दोन बारीक भोकं दिसतील, त्यांत लांबी भरू नकोस. तिथं अण्णांनी माहूरच्या रेणुकामातेची तसबीर लावली होती. ती माझ्याकडे आहे, तिचे दोन पितळी स्क्रूही पुडीत बांधून ठेवलेत. लग्नाला येताना घेऊन येतो.

तुझा
काका