प्रीति म्हणजे काय?

पाठ : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १३, वचनें ४ ते ७

वर्गांत शिक्षकानें "प्रीति म्हणजे काय?" असें विचारावें आणि सर्वांनीं खालीं पाहावें, असें पुष्कळ वेळां घडतें. यांत ऐकणाऱ्यांचा दोष नाहीं. आपली भाषाच येथें अडखळते. आई लेंकरावर करिते ती माया. साधुसंत मिथ्या म्हणून टाकावयास सांगतात तीही माया. सावकारानें गांठीस बांधिलेला पैसा तोही मायाच. (शिंपी शिवणींत जें जास्तीचें कापड राखितो त्यासही माया म्हणतात. अंग वाढलें म्हणजे तें कामास येतें. हा अर्थ मला फार आवडतो.) पत्राच्या शेवटीं 'लोभ असावा' असें लिहिणारे आपणच, लोभ पाप आहे असें मुलांस शिकवितों.

पौलानें इ.स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस हें पत्र लिहिलें. त्या मंडळींत कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, असे तट पडले होते. भाऊ भावास न्यायसभेंत खेंचीत होता. प्रभुभोजनास एक उपाशी तर दुसरा मस्त. अशा लोकांस त्यानें व्याख्या दिली नाहीं. मूळ ग्रीक भाषेंत या चार वचनांत प्रीतीविषयीं पंधरा क्रियापदें आहेत. आपल्या भाषांतरांत आरंभींचीं दोन विशेषणांसारखीं दिसतात, परंतु मुळांत तींही क्रियापदेंच. त्यांपैकीं आठांस नकार जोडिलेला आहे. प्रीति काय करीत नाहीं हें करिंथकरांस आधीं ऐकणें भाग होतें.

त्या आठांतील एक शब्द हिशेबाचा आहे : वाईटाची नोंद वहींत न मांडणें. बांधावरून दोघां भावांचा तंटा होतो. मोजणी होते, खुणा बसतात, तरी अबोला सुटत नाहीं. कारण 'आईच्या दुखण्यांत तूं फिरकला नाहींस' हें वीस वर्षांपूर्वींचें कलम मनांतील वहींत तसेंच असतें. मोजणीदार तेथें काय करणार?

परंतु याच प्रीतीचें बळ पाहा. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. त्या मुलासह कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. पुढें पतीकडे आल्या त्याही आपलें स्वयंपाकपाणी निराळें ठेवूनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्यांनीं पतीचा तापटपणा झांकिला नाहीं, आणि स्वतःचे हट्टही नाहींत. उलट दोहोंसही त्या हंसतात. कोणीं कोणाचें अधिक सोसलें, हें वाचणारास शेवटपर्यंत ठरवितां येत नाहीं.

वर्ग घेणाऱ्या बंधूनें म्हणून व्याख्या विचारूं नये. गेल्या सुगीपासून आपलें कोणाशीं बोलणें बंद आहे, एवढेंच विचारावें. आणि उत्तर मोठ्यानें मागूं नये.