उंबऱ्याचा आकडा

बाळांनो, कोल्हापुरात घर बघायला निघालात, बरं केलंत. शाळा किती लांब, पार्किंग कुठं, ऊन कुठून येतं, हे सगळं बघालच. पण त्याआधी एक आकडा विचारा: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं की ते या घराच्या उंबऱ्याला लागतं? सखल भागातल्या प्रत्येक घराला असा आकडा असतो. तो माहीत असला की कोणता मजला घ्यायचा, विमा किती काढायचा, सामान कधी हलवायचं, सगळे निर्णय सोपे होतात.

बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात अख्खं शहर हे आकडे पाठ म्हणतं. पण ते शहराचे आकडे आहेत, तुमच्या गल्लीचे नव्हेत. सुतारवाड्यातली माणसं धोका पातळीच्या आसपासच बोचकी बांधतात. नागाळा पार्कात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरायला आणखी काही फूट लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा त्याच उंचीला भिडलं. सांगलीत घर घेणार असाल तर हाच हिशोब कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर करायचा. तिथं इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला.

आकडा कुणाला विचारायचा? एजंटाला नको. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, गल्लीत वीस-पंचवीस वर्षं भाड्यानं राहिलेली एखादी मावशी, यांना विचारा. आणि ‘इथं पाणी येतं का हो?’ असं कधी विचारू नका, कारण गल्लीची किंमत पडेल म्हणून उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘२०१९ ला कितव्या पायरीपर्यंत आलं होतं? २०२१ ला किती दिवस थांबलं?’ असं विचारा, की माणूस हातानं उंची दाखवून सांगायला लागतो. इमारतही बोलते. विजेचे मीटर डोक्याच्या वर का बसवलेत, छातीपर्यंतचाच गिलावा नवा का दिसतो, पाण्याची मोटार पहिल्या जिन्याच्या वळणावर का ठेवलीय, याची उत्तरं मिळवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मागच्या पुराची खूण ही शेवटची खूण समजू नका. २००५ चा पूर बघितलेले आमच्या पिढीतले लोक याहून जास्त पाणी येणार नाही असं छातीठोक सांगायचे. त्याच भरवशावर अनेकांनी जोती बांधली. २०१९ नं २००५ ला मागं टाकलं. सांगलीत २००५ ला ५३ फुटांच्या वर गेलेली कृष्णा २०१९ ला ५७ च्या वर गेली. मधल्या चार फुटांत किती घरं आली असतील याचा विचार करा.

तोंडी इतिहासाला कागदाची जोड द्या. नदीकाठच्या जमिनीवर जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित क्षेत्र. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन, तुमची जागा कोणत्या पट्ट्यात येते ते बघा. बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या नकाशावर या रेषा शोधू नका.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून निर्धास्तही होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि एकदा पूर येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तुमचं गृहकर्ज २० वर्षांचं धरा. लाल रेषेवरच्या घरात हप्ते संपायच्या आत पाणी येण्याची शक्यता जवळजवळ १८ टक्के होते. निळ्या रेषेवर तीच ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. शिवाय रेषा आखल्यावर शेजारी कुणी भराव टाकून जागा उंच केली, तर त्याच्या वाट्याचं पाणी तुमच्याकडं सरकतं. आसपास भराव पडतोय का, तेही बघून या.

नदी लांब आहे एवढ्यावरही जाऊ नका. पंचगंगेला फुग आली की नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलटं मागं सरकतं. जयंती नाल्याच्या काठची घरं अशीच बुडतात. मात्र इथला पूर चढायला वेळ घेतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आधी येते, पाणी नंतर. ओढ्याचा पूर तेवढी सवड देत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा असाच फुगला आणि काठच्या सोसायट्यांना सावरायलाही वेळ मिळाला नाही. तुमच्या घराला धोका नदीचा की ओढ्याचा, हे आधी ठरवा.

वरचा मजला घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. लिफ्टची यंत्रणा, मीटर, मोटार आणि जमिनीखालची टाकी खालीच असते. २०१९ ला उपसा केंद्रं बुडाली आणि ज्यांच्या दारात थेंब आला नाही त्यांनाही टँकरची वाट बघावी लागली. तळमजला घेणार असाल तर सांडपाण्याच्या नळाला एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवा. पुराचं पाणी पुष्कळदा दारातून यायच्या आधी संडासातून येतं.

आता विम्याचं. बँकेनं कर्ज देताना ‘विमा काढलाय’ असं सांगितलं तर कागद मागून घ्या. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो, घराचा नसतो. घरासाठी एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. पूर, पाणी तुंबणं, वादळ आणि भूस्खलन तिच्यात धरलेलं असतं. दुसरी कोणती पॉलिसी घेत असाल तर पूर वगळलेला नाही ना, हे ओळीवर बोट ठेवून वाचा.

विमा बाजारभावावर काढायचा नसतो, कारण जमीन वाहून जात नाही. घर पुन्हा बांधायला येणारा खर्च धरायचा. चटई क्षेत्र ७०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,००० रुपये असेल तर रक्कम १४ लाख. ‘भारत गृह रक्षा’मध्ये घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. इथं ते २ लाख ८० हजार होतं. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन वाढवा. दागिने वेगळे नोंदवावे लागतात, रोकड धरत नाहीत. भाड्यानं राहणाऱ्यालाही नुसत्या सामानाचा विमा काढता येतो. सरकारी मदतीवर भिस्त ठेवू नका. २०१९ ला सानुग्रह अनुदान शहरात कुटुंबामागं १५ हजार आणि खेड्यात १० हजार रुपये होतं. तेवढ्यात फ्रिज आणि गाद्याही परत येत नाहीत.

गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचे पैसे मिळत नाहीत. आणि पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते नुकसान इंजिनाचं वेगळं संरक्षण नसेल तर कंपन्या सहसा नाकारतात.

दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पूर ओसरल्यावर आधी पाण्याच्या खुणेसकट फोटो घ्या, कंपनीला लगेच कळवा, आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत भिजलेल्या वस्तू टाकू नका. कुजायला लागल्या तर फोटो काढून, कंपनीला विचारून मगच हलवा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. दावा अन्यायानं नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडं जा. पुण्यात कार्यालय आहे, वकील लागत नाही, फीही नाही.

इसार देण्याआधी उंबऱ्याचा आकडा विचारा आणि घराच्या फायलीत पहिल्या पानावर लिहा. तो सांगायला कुणी तयार नसेल, तर ते घर सोडून द्या. कोल्हापुरात घरं पुष्कळ आहेत.