जुनी रायफल वाचताना

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या अमेरिकेत, टेक्सासमध्ये नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याने मला मोबाइलवर तीन छायाचित्रे पाठवली. जवळच्या एका घरातले वृद्ध गृहस्थ वारले, मुलांनी सगळे सामान अंगणात मांडून विकायला काढले, आणि त्यात याला एक ली-एन्फिल्ड रायफल मिळाली. किंमत दिली ती तिथल्या एका बऱ्या बुटांच्या जोडाएवढी. खाली लिहिले होते, "उस्ताद, थ्री-नॉट-थ्री! घबाड लागलं की नाही? गोळ्यांचा डबाही घेतलाय. रविवारी रेंजवर नेतोय."

मी छायाचित्रे पाहिली आणि दहा मिनिटांत उत्तर पाठवले: "छान आहे, जपून ठेव." ते उत्तर घाईचे होते. कसे, ते पुढे सांगतो. त्याआधी अशी रायफल ओळखायची कशी ते पाहू.

ली-एन्फिल्डची जन्मपत्रिका बट सॉकेटवर असते. बोल्टच्या मागे, जिथे लाकडी बट पोलादी बॉडीत बसतो, तो हा पट्टा. त्याच्या उजव्या अंगावर वरून खाली वाचायचे: राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखाना, वर्ष, आणि शेवटी रायफलीचा प्रकार. याच्या रायफलीवर मुकुट, 'जी.आर.', एन्फिल्ड, १९१७ आणि 'शॉर्ट ली-एन्फिल्ड, तीन, चांदणी' असा मजकूर ठोकलेला होता. म्हणजे पंचम जॉर्जच्या काळात, पहिल्या महायुद्धात, इंग्लंडच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली मार्क तीन स्टार. मार्क तीन १९०७ साली आली. युद्धात लाखोंनी रायफली लागू लागल्या, तेव्हा दूरवर सामूहिक मारा करण्यासाठी असलेली बाजूची साइट आणि मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी असे वेळखाऊ भाग वगळले. त्या सुटसुटीत आवृत्तीची खूण म्हणजे ती चांदणी. आपल्या हुगळीकाठच्या इच्छापूर कारखान्याच्या इंग्रजकालीन रायफलींवर 'जी.आर.' ऐवजी 'जी.आर.आय.' असते. शेवटचे अक्षर 'सम्राट' या पदवीचे. इंग्लंडात तो राजा होता, आपल्याकडे सम्राट.

ही अक्षरे नीट वाचली तर नकलाही पकडता येतात. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हाताने रायफली घडवत आले आहेत. शिक्के दुसऱ्या रायफलीवरून पाहून ठोकायचे, इंग्रजी वाचता येतेच असे नाही. मग एखादे अक्षर उलटे पडते, एन्फिल्डचे स्पेलिंग चुकते, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या 'व्ही.आर.' खाली १९१५ साल येते. राणी वारली १९०१ च्या जानेवारीत, आणि शॉर्ट ली-एन्फिल्ड सैन्यात आली ती त्यानंतर. म्हणजे मुळात शॉर्ट म्हणून घडवलेल्या बॉडीवर 'व्ही.आर.' असूच शकत नाही. अफगाणिस्तानात गेलेल्या कित्येक परदेशी सैनिकांनी बाजारातून असल्या 'पुराणवस्तू' हौसेने घरी नेल्या. दिवाणखान्यात टांगायला ठीक. झाडायला मुळीच नाही, कारण ते पोलाद कुठले, हे घडवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आमच्या टेक्सासकराच्या रायफलीवर अशी गडबड काही नव्हती. उलट पुढच्या लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसत होता. जाणकार त्याला इच्छापुरी स्क्रू म्हणतात. आपल्या हवेत लाकूड फुगते-आकसते, ते तडकू नये म्हणून इच्छापूरला हा बसवत. म्हणजे रायफल जन्माने इंग्लिश, पण नोकरी हिंदुस्थानात केलेली. मला एवढे बघूनच बरे वाटले आणि मी "छान आहे" लिहून मोकळा झालो.

रात्री झोप येईना. मॅगझिनच्या जागी काहीतरी खटकत होते. पुन्हा छायाचित्र मोठे करून पाहिले, तर मॅगझिनच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा! दहा गोळ्यांच्या रायफलीत ठोकळा कशाला? मी लगेच फोन केला, त्यांच्याकडे दुपार होती. म्हटले, "बोल्ट काढ, चेंबरपाशी अंगठ्याचे नख धर, त्यावर उजेड पडू दे आणि पुढून नळीत बघ. काय दिसतं?"

"आरशासारखी स्वच्छ आहे, उस्ताद."

"आटे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "आटे नाहीत."

थ्री-नॉट-थ्रीच्या एन्फिल्ड नळीत डावीकडे वळत जाणारे पाच आटे असतात. इथे एकही नव्हता. कारण ही थ्री-नॉट-थ्री उरलीच नव्हती. इच्छापूरला पुष्कळ जुन्या रायफली पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी .४१० बोअरच्या, गुळगुळीत नळीच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या मस्केटमध्ये बदलल्या गेल्या. बट सॉकेटवरची जुनी अक्षरे मात्र तशीच राहिली. पुढे त्यांतल्या कितीतरी सरकारी जुन्या मालात अमेरिकेला गेल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या.

आता त्या गोळ्यांच्या डब्याचा विचार करा. .४१० मस्केटचे काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच केसपासून केलेले, फक्त पुढचा आवळलेला गळा सरळ केलेला. त्यामुळे थ्री-नॉट-थ्रीची गोळी या चेंबरमध्ये सहज शिरते, मागची कड अडकते, बोल्टही बंद होतो. सगळे बरोबर आहे असेच वाटते. पण केसच्या गळ्याभोवती पोकळी राहते, तिथे पितळेला आधार नसतो. ट्रिगर दाबला की केस फाटू शकते, आणि तापलेला वायू मागे फिरला तर समोर असतो नेम धरणाऱ्याचा चेहरा. गोळी जेमतेम आठ मिलिमीटरची आणि नळी दहा मिलिमीटरहून अधिक, म्हणजे नेमाचे तर नावच नको. नेहमीचे दुकानी .४१० काडतूसही या निमुळत्या चेंबरमध्ये नीट बसत नाही. अनेक जण चेंबर कोरून मोठे करून घेतात. तसे केले की वस्तूची मूळ ओळख संपते आणि संग्राहक पाठ फिरवतो.

म्हणून किमतीचा प्रश्न नेहमी शेवटी घ्यावा. आधी वस्तू काय आहे, मग ती पूर्ण आहे का, मग सुरक्षित आहे का. पूर्ण आहे का हे पाहताना बॉडी, नळी आणि बोल्टच्या दांड्यामागचा नंबर जुळवून पाहायचे. तिघांचे आकडे एक असले तर किंमत वाढते. लाकूड पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेले असले तर घटते, कारण घासताना जुने शिक्के पुसले जातात. शिकारीसाठी पुढचे लाकूड आणि नळी कापलेली असेल तर फारच घटते, आणि मला विचाराल तर ते पाहून वाईटही वाटते. बटच्या उजव्या अंगाला पितळी चकती असली आणि तीवर पलटणीची खूण असली, तर तीच रायफल बोलू लागते. आणि विकणारा मागतो ती किंमत नव्हे. तशीच दुसरी रायफल खरोखर कितीला गेली, ती किंमत.

त्याच्या मस्केटचे नंबर जुळत होते, लाकूड न घासलेले होते. मूळ थ्री-नॉट-थ्रीएवढा भाव तिला येणार नाही, पण बुटांच्या जोडापेक्षा नक्कीच जास्त. त्याने ती विकली नाही.

पालकांसाठी दोन ओळी. हे सारे तिथले, जिथे असा व्यवहार कायद्यात बसतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि थ्री-नॉट-थ्री हा निषिद्ध बोअर आहे. म्हणूनच तर इच्छापूरने नागरिकांसाठी .३१५ ची वेगळी रायफल काढली. आजोबांच्या ट्रंकेत किंवा गावच्या वाड्यात जुनी बंदूक सापडली, तर ती गंजलेली आहे म्हणून कायद्यातून सुटली असे समजू नका. जुन्या शस्त्रांना कायद्यात सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच. ते ठरवणे आपले काम नाही. हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे.

आणि कॅडेट्ससाठी गृहपाठ. ड्रिलला कोतमधून मिळणाऱ्या रायफलीवर 'डी.पी.' अशी अक्षरे आहेत, म्हणजे फक्त कवायतीसाठी, गोळी झाडण्यास बाद. पण तिलाही बट सॉकेट आहे. पुढच्या पिरियडला मुकुट आहे की अशोकस्तंभ, आद्याक्षरे कोणती, कारखाना आणि साल कोणते, आणि बोल्टचा नंबर बॉडीशी जुळतो का, एवढे वहीत उतरवून मला दाखवा. त्याआधी बोल्ट उघडून तपासणी. रायफल डी.पी. असली तरीही.